पांदणीची सायकल

डिसेंबर लागला की ताईच्या बगीच्याचं पाणी तोडतात. संत्र्याचा तोडा संपलेला असतो, झाडं रिकामी, हलकी झालेली असतात, आणि नेमकं तेव्हाच त्यांना ताण द्यायचा असतो. ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवायच्या, मोटरीला हात लावायचा नाही, आणि पानं मलूल होईपर्यंत झाडाकडे नुसतं बघत राहायचं. नव्या माणसाला हे निष्ठुरपणाचं वाटतं. मलाही वाटायचं. पण ताण बसल्याशिवाय आंबिया बहार फुटत नाही, हे रामाकोन्यापासून पांढुर्ण्यापर्यंत कुणालाही विचारा. पुढे पाणी सोडलं की थोड्याच दिवसांत सगळा बगीचा पांढरा होतो आणि माठातल्या पाण्यालासुद्धा फुलांचा वास येऊ लागतो.

यंदाही मी ताणाच्या दिवसांतच आलो आहे. रामाकोन्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की ताईचं घर. तिच्या ओट्यावर बसलो आहे. धूळ बसलेली पानं किंचित आत वळली आहेत आणि मला उगाचच एक जुना हिवाळा आठवतो आहे. उगाचच हे खोटं. कारण समोर अंगणात कडुनिंबाला टेकवून उभं आहे, आणि त्याला दोन चाकं आहेत.

मी पुण्यात सायकली बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो. बनवतो म्हणजे संगणकावर. नळ्यांची लांबी, त्यांचे कोन, चाक आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा यांच्यामधली फट, ही माझी रोजची भाजीभाकरी. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ग्रॅव्हल बाईक करायचं ठरलं. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दिसायला शर्यतीच्या सायकलीची बहीण, हँडल तसंच खाली वळलेलं, पण टायर जाड, गिअर हलके आणि बसणं जरा ऐसपैस. डांबर संपलं म्हणून ही थांबत नाही. खडी, मुरूम, शेतातली वाट, घाट, सगळीकडे एकच सायकल. सामानाच्या पिशव्या अडकवायला तिच्या अंगावर जागोजागी स्क्रूचे आटे पाडलेले असतात. मी ताईला फोनवर हे सगळं उत्साहानं समजावलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे पांदणीची सायकल. आमच्याकडे दोन वावरांमधून जाणाऱ्या गाडीवाटेला पांदण म्हणतात. कंपनीत या सायकलीचं नाव शोधायला माणसं बसवली होती, पण मला ताईच्या नावापलीकडे काही सुचलं नाही.

अशी सायकल काढणं म्हणजे सासू-सुनेत मध्यस्थी करण्यासारखं आहे. डांबरी रस्ता म्हणतो, चिमटा उभा ठेव, मला वेग पाहिजे. मुरूम म्हणतो, चिमटा पुढे झुकव, नाहीतर उतारावर माणूस तोंडावर आपटेल. काळ्या मातीचं तर वेगळंच. ओली काळी माती टायरला चिकटते, चिकटलेल्या मातीला पुढची माती चिकटते, आणि थोड्या वेळात चाक फिरायचं थांबून फ्रेममध्ये रुतून बसतं. तिच्यासाठी टायरच्या दोन्ही बाजूंना बोट सहज जाईल एवढी फट सोडावी लागते. परदेशी आराखड्यांत ही फट असते, पण ती त्यांच्या चिखलाच्या मापाची. आमच्या चिखलाचं माप घ्यायला मी नमुन्याच्या सायकली घेऊन गावी जातो, असं मी साहेबांना सांगितलं आणि त्यांनी चक्क होकार दिला. दोन नमुने मिळाले. एक माझ्या उंचीचा, आणि एक सगळ्यात लहान मापाचा.

लहान माप ताईचं होतं. म्हणजे खरोखरच तिचं. आदल्या दिवाळीत तिला गोदामाच्या भिंतीला टेकवून उभं केलं होतं आणि खांदा, हात, कंबर अशी मापं घेतली होती. पायाचं आतल्या बाजूचं माप लागतं, ते मी भाऊजींना घ्यायला लावलं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही दोघं लाजले आणि माप चुकलं, पुन्हा घ्यावं लागलं. संगणकावर प्रत्येक मापाच्या आराखड्याला एक नाव द्यावं लागतं. लहान मापाला मी ‘ताई’ असं नाव देऊन टाकलं.

ताई माझ्याहून बरीच मोठी. बाबा रेल्वेत रुळांच्या कामावर होते आणि आम्ही तिगावला क्वार्टरमध्ये राहायचो. तिगावच्या पुढे घाट लागतो. मालगाडी तिथे दम घ्यायला थांबते, मागून ढकलायला इंजिन जोडतात, आणि मग ती कण्हत कण्हत वर चढते. त्या आवाजात आम्ही वाढलो. बाबांची एक काळी, उंच सायकल होती. ताई तिच्यावर कैची चालवायची, म्हणजे दांडीखालून पाय घालून, एका बाजूला लटकून. मी मागे कॅरियरला धरून बसलेला. सीटवर बसायला तिचा पाय पुरत नव्हता. पुढे पाय पुरू लागला तेव्हा ती मोठी झाली होती, आणि सायकल माझ्या शाळेसाठी लागू लागली. नंतर तिचं लग्न होऊन ती इकडे आली. कुणी तिच्यावर काही अन्याय केला असं नाही, तेव्हा सगळीकडे असंच चालायचं. पण हिशेब साधा आहे. सायकलीवर जिचा एवढा जीव, तिला तिच्या मापाची सायकल कधी मिळालीच नव्हती.

तो हिवाळा मला वासांनी आठवतो. पहाटे शेकोटीत जळणाऱ्या तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्यांचा धूर. गोदामात राहिलेल्या डागी संत्र्यांचा आंबूस वास. चेनला घातलेलं तेल, आणि कच्च्या फ्रेमला येतो तो लोखंडी वास, कारण नमुन्याला रंग देत नाहीत. नळ्या जोडल्याच्या खुणा उघड्या दिसतात. ताईनं त्यावरून बोट फिरवून विचारलं होतं की हे असंच राहणार का, आणि मी सांगितलं होतं की नाही, तुझी येईल ती रंगवलेली येईल. तिनं लगेच रंग सांगितला. संत्र्याचा नको, म्हणाली, जन्मभर तोच पाहून राहिली. निळा दे.

पहिल्या दिवशी ती खाली वळलेल्या हँडलला मेंढ्याची शिंगं म्हणाली आणि धरायला तयार होईना. पायजम्याचे पाय रबरानं बांधले, ओढणी भाऊजींच्या गळ्यात टाकली आणि झाडांच्या दोन ओळींमधल्या वाटेत उतरली. भाऊजी मागून पळत होते. त्यांना वाटत होतं आपण सीट धरली आहे, पण सीट केव्हाच पुढे निघून गेली होती. शेवटच्या वाफ्यापाशी बांधापलीकडच्या वावरातली नळी गळत असल्यामुळे चिखल होता, तिथे ती पडली. बसूनच हसत होती. मी आधी चाक पाहिलं, मग तिला. चाक मोकळं फिरत होतं. भाऊजींनी मला त्यावरून जे ऐकवलं ते योग्यच होतं.

लहान मापाच्या सायकलीत एक अडचण असते. फ्रेम आखूड केली आणि चाक मोठंच ठेवलं तर वळताना पायाचा पंजा पुढच्या चाकाला लागतो. बहुतेक कंपन्या त्यावर उपाय करत नाहीत, तिथे बसणाऱ्यानं पाय सांभाळावा असं ठरवून टाकतात. मी तिच्या मापाला चाकच लहान दिलं आणि टायर आणखी जाड. हँडल जवळ आणलं, ब्रेकची दांडी तिच्या बोटांत येईल अशी वळवली. मोठ्या सायकलीला कापून लहान केलेली ती नव्हती. पहिल्यापासून लहान म्हणूनच जन्मली होती, आणि म्हणूनच ती माझ्या सायकलीपेक्षा चांगली धावायची. पांदणीतून माझ्या पुढे जाणारी ताईची पाठ मी त्या हिवाळ्यात इतक्या वेळा पाहिली की आजही डोळे मिटले तर दिसते. माझ्या कामातलं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं तर मी तेच सांगेन.

मग रोज थोडं पुढे. आधी बगीच्याच्या टोकापर्यंत, मग रामाकोन्याच्या वेशीपर्यंत, मग कन्हानच्या काठापर्यंत. हातपंपावरच्या बाया सुरुवातीला हसल्या, नंतर एकीनं बसून पाहू का म्हणून विचारलं. नदीच्या गोट्यांवर मी टायरमधली हवा कमी कशी करायची ते तिला दाखवत होतो तेव्हा तिनं मनातलं सांगितलं. तिला तिगावला जायचं होतं. सौंसर, मोहगाव, मग हमरस्ता टाळून आतल्या मुरमाच्या वाटांनी पांढुर्णा, आणि तिथून तिगाव. एकटीनं. स्टेशनवर बसायचं, घाट चढणारी एक मालगाडी पाहायची आणि परत यायचं. मी म्हणालो, तू तर किती वेळा गेली आहेस तिगावला. त्यावर ती जे बोलली ते मी विसरलेलो नाही.

“गेली ना. दरवेळेस कोणाच्या तरी मांगं बसून गेली. सारा रस्ता मी पाठ पाहत गेली, कधी तुह्या भाऊजीची, कधी बसवाल्याची. मले रस्ता समोरून पाहाचा आहे.”

मला तेव्हाच निघायला हवं होतं असं आता वाटतं. पण तेव्हाची गोष्ट तेव्हासारखीच सांगायला पाहिजे. चिमट्याची चाचणी झालेली नव्हती. प्रयोगशाळेत एक यंत्र असतं, ते फ्रेमला आणि चिमट्याला धरून दिवसरात्र वाकवत राहतं, आणि त्यातून पार पडल्यावरच ती सायकल माणसाला उतारावर न्यायला द्यायची असते. बगीच्यात पडणं वेगळं आणि मोहगावच्या पुढच्या उतारावर चिमटा तुटणं वेगळं. मी हे तिला सांगितलं. ती घाबरली नाही, विचारात पडली. भाऊजी म्हणाले की आता ताण चालू आहे, कुणी उनाड जनावर घुसलं, कुणी चुकून पाणी सोडलं तर सगळा बहार जाईल, त्यामुळे ते सोबत मोटरसायकलवर येऊ शकत नाहीत. आणि शेवटचा शब्द ताईचाच होता. “मंग थांबू ना,” ती म्हणाली. “पुढच्या हिवाळ्यात पक्की आली का जाऊ. तिगाव कोठी पळून चाललं?”

कुणालाच ते जड गेलं नाही. इथली माणसं थांबण्यात तरबेज. पाणी हाताशी असताना ते द्यायचं नाही, झाड सुकताना दिसलं तरी धीर सोडायचा नाही, ही इथली शहाणपणाची रीत आहे, आणि ती दरवर्षी फुलून खरी ठरते. जो घाई करतो त्याचा बहार विरळ येतो. मीही त्याच मातीतला. थांबलं की गोड होतं हे आमच्या इतकं अंगात मुरलं आहे की थांबू या म्हणताना आपण काही ठरवतो आहोत असंसुद्धा आम्हाला वाटलं नाही. माणूस म्हणजे संत्र्याचं झाड नाही, एवढं साधं तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माहितगार शेतकरी ताण किती द्यायचा ते पानावरून ओळखतो. ताईच्या बाबतीत पान कुठे बघायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

मी दोन्ही नमुने घेऊन पुण्याला परतलो. ताईनं तो उन्हाळा तयारीत घालवला. फोनवर फ्रेमच्या मधल्या त्रिकोणाची मापं मागून घेतली आणि भाऊजींच्या जुन्या जीन्सची पिशवी शिवली, पाण्याची बाटली, भाकर आणि पंक्चरचं सामान बसेल अशी. गावात सांगून टाकलं की यंदा सायकलनं तिगावला जाणार. चिमटा चाचणीत पार पडला. फ्रेम ठरल्याप्रमाणे शेवटपर्यंत वाकवली गेली. नमुन्यांचं नशीब तेच असतं, चाचणी झाली की करवतीनं आडवं कापून आतली जोडणी पाहतात. मी ताईला फोनवर एवढंच म्हणालो की ती सायकल आता नाही. तिनं विचारलं, “तुटली का तोडली?” तोडली, मी म्हणालो. ती म्हणाली की मग चांगलीच होती म्हणायची.

पुढचं लवकर सांगून टाकतो, कारण ते रेंगाळत सांगण्यासारखं नाही. विक्रीवाल्यांनी बैठक घेतली. पडद्यावर एकेक माप उघडलं जात होतं. सगळ्यात लहान मापाला वेगळी चाकं, वेगळे टायर, वेगळे साचे. एवढ्या मापाची माणसं असल्या सायकली घेत नाहीत, बायकांसाठी आपल्याकडे बास्केटवाली आहेच, असं त्यांचं म्हणणं पडलं. कुणीतरी विचारलं, हे ‘ताई’ काय आहे? मापाचं नाव आहे, मी म्हणालो. मी भांडलो, पंज्याचं गणित मांडलं, जाड टायरचं मांडलं. पण हातपंपावरच्या बाईचं मत त्या खोलीत कसं मांडायचं ते मला जमलं नाही. लहान माप गळालं. नंतर तर त्याच्यावरचं मापही थोडं लांबवलं गेलं. सायकल बाजारात आली, लोकांनी कौतुक केलं, माझीही पाठ थोपटली. जाहिरातीत लिहिलं होतं, जिथे वाट तिथे ही. ते वाचून मला इतका राग आला की दिवसभर मी कुणाशी धड बोललो नाही.

ताईला मी दरवर्षी सांगत राहिलो. पुढच्या वेळी पुन्हा मांडतो. नवे साहेब आलेत, त्यांना पटेल. आणि ती प्रत्येक वेळी बरं म्हणत राहिली. एका हिवाळ्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला पुढे ढकललं. दरम्यान मोहगावकडच्या त्या मुरमाच्या वाटांमधली एक मोठी सिमेंटची झाली. याचं दुःख करायची मला सोय नाही. संत्री गाडीत दचकत नाहीत आता, अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला गाडी थेट दारात येते. ताई त्या रस्त्यावर खूश आहे. तिनं मधे एक स्कूटी घेतली आणि बँकेत, बाजारात तीच चालवते, म्हणजे आता कुणाच्या मागे बसायची गरज तिला उरलेली नाही. मी एकदा म्हणालो, मग स्कूटीनंच जाऊन ये ना तिगावला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा ते काढलं नाही. जीन्सची पिशवी गोदामाच्या दारामागे असते, तिच्यात छाटणीच्या कात्र्या ठेवतात.

यंदा मी ठरवून आमच्या कंपनीची सायकल गाडीच्या टपावर बांधून आणली. सर्वांत लहान निघते ती, निळी. तिच्या मापाची नाही हे मला ठाऊक होतं. तरी मनात वेडी आशा होती की सीट खाली केली, हँडल थोडं जवळ घेतलं, तर जमेल. काल सकाळी ताईनं अंगणात तिच्यावरून पाय टाकला. टाचा जमिनीला टेकेनात. एक गोल फेरी मारली तिनं, हात ताठ ताणून, खांदे वर उचलून, आणि वळताना पंजा चाकाला घासला. मला तो आवाज ओळखीचा होता. मोठ्या मापाच्या सायकलीवर कशीबशी लटकलेली ताई मी लहानपणीही पाहिली होती, पण तेव्हा ती हसायची. उतरली, सायकल कडुनिंबाला नीट टेकवली, सीटवरची धूळ ओढणीनं पुसली आणि म्हणाली की छान झाली आहे, लोकांना आवडत असेल.

हे सगळं आठवून झाल्यावर, आज निघायच्या आधी, मी तिला शेवटचं सांगितलं. पुण्यात हातानं फ्रेम जोडणारा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. कंपनीला विचारायची गरज नाही, आराखडा माझ्या डोक्यात आहे, नळीन् नळी पाठ आहे. लहान चाकं, जाड टायर, जवळचं हँडल, सगळं तसंच्या तसं. उन्हाळ्याआधी तिच्या दारात येईल. मी एका दमात बोललो आणि मला खरोखर वाटत होतं की आता सगळं जुळून येईल. ताई ओट्यावर सुपात काहीतरी निवडत होती. तिनं हात थांबवला नाही. सांगत राहिली की सुरुवातीला बाया रोज विचारायच्या, कवा चालली तिगावला. ती म्हणायची, येऊन राहिली सायकल. मग कधीतरी त्यांनी विचारणं सोडलं, आणि त्या दिवशी तिला बरं वाटलं होतं. मी म्हणालो, ते जाऊ दे, आता तरी हो म्हण. तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

“नको बनवू आता,” ती म्हणाली. “बनवशीन तं मले जा लागन. आन तवा मले जावासंच नाही वाटलं तं?”

मी उठलो. सायकल टपावर चढवली आणि बांधायला घेतली. दोरीचं दुसरं टोक पलीकडून ताईनं धरलं, आणि सैल राहिलं का म्हणून दोनदा ओढून पाहिलं.